मोरीतला शॉवर ट्रे : कामाच्या नोंदी, मार्च २०२४ ते जानेवारी २०२५

१८ मार्च २०२४

खालच्या काकू सकाळी वर आल्या. "वेळ असेल तर जरा खाली येऊन बघतेस का गं?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मोरीच्या छताला, आमच्या नहाणी ट्रॅपच्या (मोरीतलं पाणी जाण्याच्या तोंडाच्या) बरोबर खाली, ताटाएवढा ओला डाग आहे. कडेने रंगाचे पोपडे सुटलेत आणि मधोमध तांबूस रेघ उमटली आहे. ती रेघ बघून पोटात खड्डा पडला, कारण तो सळीचा गंज आहे. सळी गंजली की फुगते, फुगली की खालचं काँक्रीट ढकलून पाडते. पोपडे दोन वर्षांपासून आहेत, पण शेजार बिघडू नये म्हणून काकू गप्प बसल्या होत्या.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे मोरी, संडास, सिंक यांतून होणारी आतली गळती ज्याच्या घरातली त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. ते नसतं तरी केलंच असतं. आजपासून सगळ्यांच्या आंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये.

२२ मार्च

फोडाफोडीआधी पाणी नेमकं कुठून जातंय ते शोधलं. पहिल्या दिवशी जमीन कोरडी ठेवून, नळी थेट ट्रॅपच्या तोंडात घालून लाल रंगाचं पाणी सोडलं. चोवीस तासांत खाली काही नाही, म्हणजे पुढचा पाइप धड आहे. मग जाळीवर प्लॅस्टिक आणि ओल्या फडक्याचा बोळा दाबून बसवला आणि जमिनीवर इंचभर निळं पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंकडचा डाग चकाकत होता आणि त्याच्या कडेला फिकट निळी झाक होती. पाणी जमिनीतून जातंय. लाद्यांचे सांधे किंवा ट्रॅपच्या गळ्याभोवतीची जागा.

एका ठेकेदाराने "फोडायला नको, सांध्यांत इपॉक्सी भरून देतो" असं सांगितलं. वरून तोंड बंद होईल हे खरं, पण २००३ पासून खालच्या कोब्यात, म्हणजे लाद्यांखालच्या भरावात, मुरलेलं पाणी तिथेच राहील आणि सळी गंजतच राहील. नको.

२४ मार्च

आज होळी. संध्याकाळी पुरणपोळी झाल्यावर कागद घेऊन बसले.

मोरी सात फूट बाय चार फूट आहे, संडास वेगळा. आंघोळीची जागा आतल्या टोकाला. जानेवारीत आईचा तिथे पाय सरकला होता. नळाला धरलं म्हणून निभावलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. जुन्या आठ इंची लाद्या वापरून वापरून गुळगुळीत झाल्या आहेत आणि ढाळ असा की एका कोपऱ्यात नेहमी तळं.

परत लाद्याच बसवाव्यात की शॉवर ट्रे, म्हणजे आंघोळीच्या जागेत जमिनीवर बसणारं एकसंध उथळ ताट? आपल्याकडे ट्रे फारसा कुणी बसवत नाही, कारण आपली अख्खी मोरीच ओली असते. पण मी हिशेब मांडला. बाराशे बाय नऊशे मिलिमीटरच्या जागेत आठ इंची लाद्यांचे आतले सांधे नऊ मीटरहून जास्त भरतात, आणि तेही रोज सगळ्यात जास्त पाणी पडतं तिथे. ट्रेला आत एकही सांधा नाही. भिंतीलगतच्या कडा दोन्हींत सारख्याच, फक्त पुढच्या कडेचा १.२ मीटरचा एक सांधा ट्रेमुळे येतो. नऊ मीटर विरुद्ध सव्वा मीटर. ट्रेचं ठरलं.

मात्र एक गोष्ट स्वतःसाठी ठळक लिहून ठेवते. ट्रे म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. ट्रेखाली जणू ट्रे नाहीच असं समजून वॉटरप्रूफिंग करायचं.

३० मार्च

मोजमाप. टेप पुढे, मध्ये आणि मागे, शिवाय जमिनीलगत आणि कमरेच्या उंचीला अशी धरून बघितली. जुन्या लाद्या धरून मागे ११९८ आणि पुढे १२०५. एकाच ठिकाणी मोजून ऑर्डर दिली असती तर फसले असते. लाद्या काढल्यावर मिळणारी जागा मिस्त्रींच्या अंदाजाने वीसेक मिलिमीटर वाढेल, तेव्हा १२०० चा ट्रे बसेल.

शॉवरखाली वीस लिटरची बादली ठेवून वेळ धरली. भरायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साधारण अकरा लिटर. पण आपल्या घरी फक्त शॉवर कुठे असतो? आई स्टुलावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करते आणि शेवटी उरलेली बादली अंगावर उपडी करते. तेव्हा दहा लिटर पाणी दोन-तीन सेकंदांत येतं. निचरा मोठाच हवा, ९० मिलिमीटर तोंडाचा.

७ एप्रिल

काल आणि आज पुण्याची भवानी पेठ. पाच दुकानं फिरले.

ॲक्रिलिकचा ट्रे हलका असतो, एकटा माणूस उचलतो. वरचा पत्रा ॲक्रिलिकचा आणि मागे फायबरग्लासचा थर. स्वस्तही, साडेनऊ हजारांपासून. पण उभा केलेला नमुना खाली ठेवायला लावून मधोमध टाचेवर उभी राहिले, तर तो लवला. दुकानदार म्हणाला, खाली माल नीट भरला की लवत नाही. ते बरोबर आहे. पण माल नीट भरला नाही तर काय होतं? रोज तो किंचित लवणार, कड रोज भिंतीपासून केसभर सुटणार, आणि वर्षभरात सिलिकॉन उघडं पडणार. इनॅमल केलेला स्टीलचा ट्रे टणक आणि स्वच्छ करायला सोपा, पण आईच्या हातून पितळी तांब्या पडला आणि टवका उडाला तर तिथे गंज सुरू. सिरॅमिकचा छान होता, पण त्याची उंची ऐंशी मिलिमीटर. आईने रोज पायरी चढायची हा विचारच नको.

स्टोन रेझिनवर थांबले. दगडाची भुकटी आणि रेझिन एकत्र ओतून केलेला, वर जेलकोटचा, म्हणजे रेझिनचाच पातळ रक्षक थर. पस्तीस मिलिमीटर जाड, मधोमध उभं राहिलं तरी हूं की चूं नाही. वजन भरपूर, उचलायला दोन माणसं लागली. चोवीस हजार. महाग आहे, पण खालच्या कामात थोडी चूक राहिली तर सांभाळून घेणारा हाच.

पाय घसरण्याबद्दल सगळ्यांनीच "अँटी-स्किड आहे" म्हणून सांगितलं. अनवाणी ओल्या पायांसाठी डीआयएन ५१०९७ ही जर्मन चाचणी आहे. साबणाच्या पाण्याने ओल्या उतारावर माणूस अनवाणी चालतो आणि उतार वाढवत नेतात. १२ अंशांपर्यंत टिकलं तर 'ए' वर्ग, १८ पर्यंत 'बी', २४ पर्यंत 'सी'. माहितीपत्रकात हा वर्ग छापलेला एकच ट्रे मिळाला, आणि तो 'सी' होता. तोच घेतला. तरीही दुकानात चप्पल काढून, फडकं साबणाच्या पाण्यात भिजवून नमुन्यावर फिरवलं आणि पाय घासून बघितला. पृष्ठभाग बारीक वाळू लावल्यासारखा आहे, पण टोचत नाही. फार खरखरीत घेतला तर त्यात मळ बसतो, हेही डोक्यात होतं.

रंग फिकट राखाडी. काळा दिसायला देखणा, पण आमच्या बोअरच्या पाण्यात आठवड्याभरात पांढरा पडेल. पांढराशुभ्र घेतला तर पिवळा दिसायला लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. निचऱ्याचा ट्रॅप वरून उघडून साफ करता आला पाहिजे. ट्रे एकदा मालात बसला की खालून हात घालायला जागाच नाही. झाकण उचललं, आतली वाटी काढली, धुतली, परत बसवली. दुकानात हे तीन वेळा करून बघितलं. ज्याची वाटी निघत नाही तो ट्रे कितीही सुंदर असो, फ्लॅटमध्ये घेऊ नये.

९ एप्रिल

गुढीपाडवा. आगाऊ रक्कम देऊन ट्रे नक्की केला.

१५ एप्रिल

सोसायटीचं पत्र मिळालं, काम सुरू. दोन दिवसांत राडारोड्याच्या शहाऐंशी गोण्या निघाल्या. आमची मोरी संकन स्लॅबवर आहे, म्हणजे स्लॅबच नऊ इंच खाली टाकून त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला. वरचा थर निघाला तसा कुजकट ओला वास आला. विटांचे तुकडे हातात दाबले की पाणी गळत होतं. चार आठवडे इथे आंघोळ झालेली नाही, तरीही.

ट्रॅपपाशी मिस्त्रींनी छिन्नी हळू चालवली. गळ्याभोवतीचा माल काळा पडला होता आणि गळा व माल यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती. पीव्हीसी आणि सिमेंट यांचा सांधा कधीच एकजीव होत नाही. गरम-गार पाण्याने पीव्हीसी जितकं वाढतं-आकसतं, त्यामानाने सिमेंट फारच कमी. एकवीस वर्षं रोज थोडं थोडं पाणी तिथून उतरत राहिलं.

२० एप्रिल

स्लॅब उघडा आणि कोरडा होतोय. पंखा लावून ठेवलाय. पाइपचा हिशेब केला. वरच्या फरशीपासून स्लॅबपर्यंत २३० मिलिमीटर आहेत. ट्रे ३५, त्याखाली ट्रॅपची बॉडी ८०, म्हणजे पाइप ११५ च्या आसपास निघतो. डक्टपर्यंत (इमारतीचे पाइप उतरतात त्या उभ्या पोकळीपर्यंत) १.६ मीटर अंतर, चाळिसाला एक असा ढाळ धरला तर आणखी ४० मिलिमीटर. एकूण १५५. खाली ७५ शिल्लक. छान बसतं. जिथे संकन नाही तिथे हाच हिशेब ट्रेला पायरीवर चढवतो. म्हणून ट्रे विकत घेण्याआधी खाली किती जागा आहे ते बघायला हवं.

भिंतीतून डक्टमध्ये दोन भोकं कोअर कटरने पाडून घेतली. एक निचऱ्याच्या पाइपसाठी. दुसरं स्लॅबच्या अगदी तळाशी, पाऊण इंची पाइपचं. हे दुसरं माझ्या आग्रहाने. उद्या काही कारणाने पाणी खाली उतरलंच, तर ते स्लॅबवर साचून काकूंच्या छतात मुरण्याऐवजी डक्टमध्ये ठिबकेल आणि आम्हाला दिसेल. पाइपचं तोंड डक्टच्या खिडकीतून हाताला लागतं.

२७ एप्रिल

स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुतला. कोपऱ्यांना वाटा मारला, म्हणजे जमीन आणि भिंत मिळतात तिथला काटकोन मालाने गोल केला. कोटिंग काटकोनातच आधी चिरतं. मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा. कोपऱ्यांत आणि पाइपांच्या गळ्यांभोवती फायबरग्लासची जाळी दाबली. गळ्यांपाशी मी स्वतः टॉर्च घेऊन बसले होते. आंघोळीच्या तिन्ही भिंतींवर हे कोटिंग सहा फुटांपर्यंत नेलं, बाकी फूटभर.

५ मे

मिस्त्री सोलापूरकडचे, तिकडे ७ तारखेला मतदान, म्हणून चार दिवस गावी जाणार. तेवढ्यात पाण्याची चाचणी उरकून घेऊ. दोन्ही पाइपांची तोंडं बंद करून चार इंच पाणी साठवलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढली, तारीख-वेळ लिहिली. मे महिन्यात पाणी उडून जाणारच, तेव्हा घटलं तर त्याचा अर्थ कसा लावायचा? म्हणून शेजारी उभट कडांची बादली भरून तिलाही रेघ मारली.

८ मे

बहात्तर तास झाले. मोरीतली रेघ ४ मिलिमीटर उतरली, बादलीतलीही ४. काकूंच्या छताला हात लावून आले. डाग आहे, पण कोरडा, पावडरसारखा.

१८ मे

मिस्त्री परतल्यावर नवा कोबा भरला. १३ तारखेला पुण्यात मतदान म्हणून काम बंद होतं, पण पाणी मारायला मी होते. जुने विटांचे तुकडे एकही वापरू दिले नाहीत. ट्रॅपच्या जागी चौकोनी खड्डा सोडलाय. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी, मग कोब्यावर परत कोटिंग आणि एक दिवस पाणी साठवून बघणं. ठीक.

भिंतीही सरळ करून घेतल्या. प्लॅस्टरला प्लॅस्टर मोजलं तर मागे १२२४, पुढे १२१७. उजव्या भिंतीला जादा प्लॅस्टर चढवून दोन्हीकडे १२०५ वर आणलं. आता ट्रे भिंतीला जवळपास भिडून बसेल आणि भिंतीची टाइल त्याच्या कडेवर वरून उतरेल. टाइल आधी आणि ट्रे नंतर असं केलं तर भिंतीवरून ओघळणारं पाणी थेट त्या फटीत जातं. कौलावर कौल जसं चढतं तसं हे असायला हवं, वरचं खालच्याच्या बाहेर.

२२ मे

ट्रे न चिकटवता नुसता ठेवून बघितला आणि निचरा जोडला. प्लंबर म्हणाले, "ताई, घट्ट आहे, झाकून टाकू." मी वीस लिटरची बादली ओतायला सांगितली आणि टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक सांध्याखाली फिरवला. ट्रॅपच्या मोठ्या नटाखाली कागदाला वाटाण्याएवढा ओला ठिपका पडला. उघडलं तर रबरी वॉशर एका जागी दुमडला होता. डोळ्याला काही दिसत नव्हतं. सरळ करून पुन्हा दोन बादल्या ओतल्या, कागद कोरडा. ही पाच मिनिटं मी कुणाच्याही घाईसाठी सोडणार नाही. उद्या हे सगळं मालाखाली जाणार.

२३ मे

बसवण्याचा दिवस. मिस्त्रींनी पाच ठिकाणी मालाचे गोळे टाकायला घेतले, चार कोपरे आणि एक मध्ये. त्यांची पद्धत वर्षानुवर्षांची आहे आणि त्यांचा हात उत्तम आहे, पण इथे मी अडून बसले. गोळ्यांवर ट्रे टेकतो, त्यांच्या मधली जागा पोकळ राहते. माणूस पोकळीवर उभा राहिला की ट्रे लवतो आणि ताण कडेच्या सांध्यावर येतो. ट्रेचं खरं आयुष्य त्याच्या खालच्या अर्ध्या-पाऊण इंचात आहे, दुकानातल्या वरच्या थरात नाही. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, म्हणाले, "मग पूर्ण गादी करू."

पाच भाग वाळू, एक भाग सिमेंट, पाणी बेताचंच. मुठीत दाबला की लाडू वळतो आणि हाताला लगदा लागत नाही, इतपत. वीस मिलिमीटरची गादी रंध्याने सपाट करून थापीच्या टोकाने आडव्या चऱ्या पाडल्या, म्हणजे दाबल्यावर मालाला सरकायला वाट मिळते. मिस्त्री आणि दोघे बिगारी, तिघांनी ट्रे धरून खाली सोडला. चारही कडांना लेव्हल. ढाळ ट्रेच्या पोटातच आहे, त्यामुळे कड अगदी सपाट हवी. निचऱ्याकडे ट्रे कलवण्याचा मोह टाळायचा.

मग हातोडीच्या लाकडी दांड्याने ट्रेवर टकटक करत वीत-वीत पुढे गेले. सगळीकडे आवाज बद्द. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र आवाज बदलला, माठावर टिचकी मारल्यासारखा. मिस्त्रींनीही वाकून ऐकलं. एक शब्द न बोलता त्यांनी बिगाऱ्यांना हाक मारली, ट्रे परत उचलला. त्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत चऱ्या जशाच्या तशा होत्या, ट्रे तिथे टेकलाच नव्हता. माल भरून पुन्हा बसवला. आता सगळीकडे बद्द. दोन दिवस कुणी पाय ठेवायचा नाही, वर फळी आडवी टाकून ठेवली.

२८ मे

भिंतीच्या टाइल कालपर्यंत झाल्या. ट्रे आणि टाइल यांच्यात चार मिलिमीटरची फट प्लॅस्टिकच्या पाचरी घालून राखली. मिस्त्री तिथे व्हाइट सिमेंट भरणार होते. नको म्हटलं. ट्रे आणि भिंत वेगवेगळे हलतात, तिथे लवचीकच काहीतरी हवं. सॅनिटरी सिलिकॉन, बुरशीरोधक लिहिलेलं. फट हेअर ड्रायरने सुकवली, दोन्हीकडे टेप लावली, नळकांड्याचं तोंड फटीएवढं कापलं आणि एका दमात ओढत नेलं. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवून टेप लगेच काढली. वाळेपर्यंत टेप ठेवली तर कड फाटते. खोलीभर व्हिनेगरसारखा वास सुटला, त्या प्रकारच्या सिलिकॉनला तो येतोच. पुड्यावर चोवीस तास लिहिलेत, मी अठ्ठेचाळीस ठेवणार.

पुढची कड बाहेरच्या फरशीशी एका पातळीत आहे, पायरी नाही. बाहेरच्या फरशीला वेगळा ढाळ आणि वेगळा ट्रॅप.

२ जून

आधी निचऱ्याचं तोंड बंद करून मापाने पाणी ओतलं. कडेपर्यंत चौदा लिटर मावतं. म्हणजे आईची शेवटची बादली एकदम आली तरी बाहेर जाणार नाही. मग आईची पहिली आंघोळ. स्टुलाच्या चारही पायांना नवे रबरी बूट घातलेत, स्टीलच्या बादलीऐवजी प्लॅस्टिकची. मी दाराबाहेर उभी होते. आई आतून म्हणाली, "पायाला धरून ठेवतंय गं."

सोलरचं पाणी उन्हाळ्यात हात भाजेल इतकं गरम येतं. घरात सांगितलंय, आधी गार, मग गरम. एकदम कढत पाण्याचा फटका ट्रेलाही नको आणि आईच्या पायांनाही नको.

१६ जून

ट्रेवर पांढुरके ठिपके. बोअरच्या पाण्याची तपासणी करून आणली. काठिण्य लिटरला ४६० मिलिग्रॅम. आयएस १०५०० या भारतीय मानकात २०० पर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. काठिण्यापुरतं पिण्याला चालेल, पण ट्रेवर प्रत्येक थेंब वाळताना आपला चुना मागे ठेवून जातो. त्यावर उपाय म्हणजे थेंब वाळूच न देणं. आंघोळीनंतर शेवटच्या माणसाने छोटा रबरी वायपर फिरवायचा. अर्धं मिनिट लागतं. दोन आठवड्यांतून एकदा पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी मिसळून, पाच मिनिटं ठेवून धुवायचं.

२१ जुलै

आज वाईट वाटलं. कामाच्या मावशींनी मायेने, ट्रे लख्ख व्हावा म्हणून, संडासचं निळं लिक्विड ओतून अर्धा तास ठेवलं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. निचऱ्याजवळ तळहाताएवढी जागा निस्तेज झाली आहे, बोटाला वेगळी लागते. तो थर परत येणार नाही. चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं. मावशींना शेजारी बसवून सगळं दाखवलं. रोज ट्रेला भांड्यांचा साबण आणि मऊ स्पंज, बास. तारेची घासणी नाही, संडासचं ॲसिड नाही, घासायची पावडर नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, ब्लीच आणि ॲसिड कधीच एकत्र करायचं नाही, दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही बाटल्या आता वेगवेगळ्या फळ्यांवर आहेत.

२५ ऑगस्ट

भर पावसात डक्टमधल्या त्या छोट्या पाइपच्या तोंडात टिश्यू पेपरची सुरळी घालून ठेवली होती. आठ दिवसांनी काढली, कोरडी. काकूंच्या मोरीत सळी साफ करून गंजरोधक लावून प्लॅस्टर झालं. तो खर्च आमचा.

३१ ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नानाची काळजी महिनाभर मनात होती. तेल आणि उटणं, म्हणजे ट्रेचा सगळ्यात कठीण दिवस. तेल चढलं की 'सी' वर्गाचा पृष्ठभागही निसटता होतो. आईच्या पायांखाली रबरी मॅट घातली, माझा हात तिच्या दंडाला. तेल बाहेर पाटावर बसूनच लावलं, आत फक्त उटणं आणि पाणी. निचऱ्याच्या जाळीवर जुन्या मलमलीचा तुकडा ठेवला. उटण्याचा चिकट गाळ तिथेच अडकला, मुठीएवढा. तो ट्रॅपमध्ये उतरला असता तर केसांबरोबर आवळून दगड झाला असता. सगळ्यांचं आटोपल्यावर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने ट्रे दोनदा धुतला, मॅट उलटी करून वाळत टाकली. मॅट रोज तिथेच ठेवायची नाही, खाली बुरशी धरते.

१० नोव्हेंबर

ट्रॅप उघडला. वाटीत केस, थोडा पिवळा गाळ, आईची हरवलेली टिकली. दोन मिनिटांत धुऊन बसवला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हे काम, कॅलेंडरवर खूण केली.

१२ जानेवारी २०२५

सिलिकॉनवरून नख फिरवत तिन्ही कडा तपासल्या. डावी आणि मागची घट्ट. उजवीकडे, शॅम्पूची बाटली नेहमी टेकवतो तिथे, मोहरीएवढे तीन काळे ठिपके. आत गेलेले नाहीत, पुसल्यावर फिके झाले. बाटल्यांसाठी वर कोपऱ्यात फळी लावली, त्या कडेला हवा लागायला हवी. एप्रिलमध्ये परत बघायचं. ठिपके वाढले असतील तर तेवढाच तुकडा न जोडता उजवी कड पूर्ण कापून नवी भरायची, जुन्या सिलिकॉनला नवं धरत नाही.

टकटक करूनही बघितलं, सगळ्या ट्रेवर. मागचा डावा कोपरा बद्द.